न उडालेला बार

दादाचा फोन आला तेव्हा धाकटी दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याची काच घासत होती. सगळं घर तिला धाकटीच म्हणायचं. चाळिशी उलटली, तिच्या स्वतःच्या नाकावर चष्मा आला, तरी ती धाकटीच राहिली होती. घासायचं चाक फिरत असताना ती फोन घेत नसे, पण दादा एकदा वाजवून गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. शेवटी तिनं चाक बंद केलं आणि ओले हात एप्रनला पुसले.

"किल्ल्यावर जा," दादा म्हणाला. "बाबांना ते काम सोडायला लाव."

"तूच सांग ना. तुझ्या घरात राहतात."

"माझ्याशी बोलतात कुठे? भिंतीकडे तोंड करून जेवतात. तुझं ऐकतील. तू शेंडेफळ."

"पण झालंय काय?"

दादानं आवाज खाली आणला. "परवा जिन्यात उभे होते. हातात उकळत्या पाण्याचं पातेलं. मी हाक मारली. डोळे उघडे, तोंड माझ्याकडे, पण माणूस जागेवर नाही. आणि पुढच्या क्षणी पायरी उतरून मलाच विचारतात, असा खांबासारखा वाट अडवून का उभा आहेस?"

"विचारात असतील."

"धाकटे, ते तोफ उडवतात."

"खोटी तोफ, दादा."

"तोफ कधी खोटी असते का? गोळा नसतो एवढंच. दारू खरीच असते."

धाकटीनं हो म्हणून फोन ठेवला, पण मनातून तिचा विश्वास बसला नव्हता. दादा लहानपणापासून राईचा पर्वत करणारा. गुडघा खरचटला तर सगळी गल्ली गोळा करायचा. आणि बाबांच्या त्या कामावर त्याचा पहिल्या दिवसापासून राग होता, हे कोणापासून लपलेलं नव्हतं.

बाबा म्हणजे बंदरावरचे क्रेनवाले. उभा जन्म त्या उंच खोपटात बसून काढला. पेट्या, यंत्रं, एकदा तर पेटीसकट जिवंत घोडा जहाजातून उचलून त्यांनी धक्क्यावर ठेवला होता, आणि घोड्यानं शेपूटसुद्धा हलवली नव्हती म्हणे. त्यांच्या हातून ओझं कधी पडलं नाही. हे ते सांगायचे नाहीत, दुसरे सांगायचे, आणि बाबा तेव्हा मिशीवरून बोट फिरवत दुसरीकडे बघायचे.

आई गेल्यावर घर त्यांना खायला उठलं. दादा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला, तर तिथे ते दिवसभर खिडकीत. मग एक दिवस ते स्वतःहून बस पकडून किल्ल्यावर गेले आणि संध्याकाळी लाल डगल्याचं माप देऊन परत आले.

किल्ला नदीच्या मुखाशी होता. समुद्रापलीकडून आलेल्या व्यापारी कंपनीनं तो आपल्या वखारी राखायला बांधला होता. कंपनी गेली, तेव्हा आसपासच्या लोकांनी दगड न् दगड काढून नेला. कोणी घराला लावला, कोणी विहिरीला. 'आमच्याच लोकांनी वाहिलेले दगड, आम्हीच घेऊन जातो,' असा सरळ हिशेब. पुढे लोकांना तो जुना काळ दाखवायला जुन्या नकाशांवरून किल्ला त्याच जागी पुन्हा उभा केला, तेव्हा वेशीच्या कमानीचे दगड बसवायला बंदरावरून क्रेन मागवली होती. ती बाबांची. त्यामुळे किल्ल्यावर त्यांचा घरच्यासारखा हक्क होता.

"आपल्या खापरपणजोबांच्या पाठीवर ज्यांनी वळ उठवले त्यांची वर्दी घालणार तुम्ही?" दादा तेव्हा म्हणाला होता.

"वळ कोणी उठवले हे सांगायलाच घालणार," बाबा म्हणाले होते. "लाल डगल्यातला माणूस बोलला की लोक थांबून ऐकतात. साध्या सदऱ्यातल्या म्हाताऱ्याचं ऐकतं कोण? तू ऐकतोस?"

तिथपासून बापलेकांत धुसफूस चालू झाली ती आजतागायत.

सुटीच्या दिवशी सकाळी धाकटी किल्ल्यावर पोचली तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. वेशीत बाबा उभे. लाल डगला, पितळी बटणं, छातीवर तिरपा रुंद पांढरा पट्टा. मिशांना पीळ भरलेला. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला, पण जागचे हलले नाहीत.

"तिकीट काढलंस?"

"अहो, तुमची मुलगी आहे मी."

"म्हणून तर विचारतो. वशिला लावलास तर आत घेणार नाही. आणि इथे मला बाबा म्हणायचं नाही. हवालदार."

ती हसत तिकीट घेऊन आली. मग बाबांनी तिला सगळा परिसर फिरवून दाखवला. आधी वखार. लांबलचक, उंच छताची, आत पोती रचलेली. पोत्यांत पेंढा होता, पण वास मात्र खऱ्या मसाल्यांचा, कारण व्यवस्थापक बाई दर आठवड्याला कोपऱ्यातल्या टोपल्यांत ताजे मसाले ठेवायच्या. मग लोहारशाळा. मग शिपायांची खोली. तिथल्या खाटा इतक्या अरुंद की कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवून विचारावं लागत असेल. किल्ल्याच्या भिंतीबाहेर दोन स्मशानं. एक कंपनीच्या लोकांचं, कोरलेल्या उभ्या शिळांचं. दुसरं मजुरांचं. तिथे नुसते गवताचे उंचवटे आणि प्रत्येकावर नदीतला एक गोटा.

"शिळेवर काय लिहिलंय ते सगळे वाचतात," बाबा म्हणाले. "मी लोकांना आधी इकडे आणतो. म्हणतो, इथे काय लिहिलंय ते वाचा. मग गप्प होतात."

चार शाळकरी मुलं त्यांच्यामागे लागली होती. त्यांच्या प्रश्नांना बाबा अशी उत्तरं देत होते की धाकटी बघतच राहिली. आईच्या मागे इतकं बोलताना तिनं त्यांना पाहिलं नव्हतं. हे सगळं सोडून त्यांनी पुन्हा खिडकीत बसायचं? तिनं मनातल्या मनात दादाला सुनवायची वाक्यं जुळवायला घेतली. 'तुझेच डोळे तपासून घे, दुकानात ये, फुकट चष्मा देते.' हे वाक्य तिला फारच आवडलं.

शेवटी ते दारूकोठारात आले. अर्धी जमिनीत, ठेंगणी, गार खोली. आता तिथे एका कुलूपबंद पेटीत तोफेच्या दारूच्या तयार पुड्या असत, बाकी पिंपं रिकामी. बाबांनी दाराच्या फळीवर हात ठेवला.

"बघ, सगळ्या लाकडी खुंट्या. या खोलीत लोखंडाचा खिळासुद्धा नाही. कारण चुकून जरी—"

आणि ते थांबले.

धाकटीला वाटलं, खोकला येतोय. मग वाटलं, बाहेर काही ऐकताहेत. पण त्यांचा डावा हात वर आला, डगल्याच्या बटणाशी गेला आणि बटण पिळायला लागला. उगाच, एकसारखा. ओठ किंचित हलत होते, जणू काही चघळताहेत. तिनं उभ्या आयुष्यात हजारो डोळ्यांत बघितलं होतं. तिरळे, मोतीबिंदू झालेले, रडून सुजलेले. असे डोळे तिनं पाहिले नव्हते. नजर तिच्यावर होती आणि तिच्यावर नव्हती. कोणीतरी दार उघडं टाकून निघून जावं तसे.

"बाबा?"

काही नाही.

"बाबा!"

"—ठिणगी पडली तर सगळ्यांच्या चिंधड्या," बाबा म्हणाले. वाक्य जिथे तुटलं तिथेच त्यांनी जोडलं होतं. मधे काही झालं याचा मागमूस त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. "अशी काय बघतेस? घाबरलीस? अगं, पिंपं रिकामी आहेत."

दादाचं बोलणं शब्दन् शब्द खरं होतं.

ती त्यांना बाहेर उन्हात घेऊन आली, पायरीवर बसवलं आणि सरळ सांगितलं. तुम्ही मधेच हरवलात. मी हाक मारली, तुम्हाला ऐकू आली नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पट्टा नीट केला.

"दादानं पाठवलंय तुला."

"पाठवलंय. पण आत्ता जे झालं ते मी बघितलंय."

"म्हातारा माणूस बोलताना क्षणभर थांबला, तर लगेच त्याला घरी नेऊन कोंडायचं?"

"कोंडायचं कोण म्हणतंय? फक्त आज तोफेवर उभे राहू नका. उद्या डॉक्टरकडे जाऊ. ते ठीक म्हणाले, की मी स्वतः तुम्हाला इथे आणून सोडते."

"आज सुटीचा दिवस आहे. पटांगण भरलंय." बाबा उठले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि त्याचीच धाकटीला लहानपणापासून धास्ती होती. "माझ्या हातून आजपर्यंत काही पडलं नाही. हे तुला माहीत आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं."

ते निघून गेले. धाकटी पायरीवर तशीच. मग उठली आणि व्यवस्थापक बाईंच्या खोलीकडे गेली. दार उघडं होतं. बाई पन्नाशीच्या, कमरेला वॉकीटॉकी, एका हातानं पाव खात दुसऱ्या हातानं कोणालातरी गाड्या कुठे लावायच्या ते सांगत होत्या. त्यांनी धाकटीकडे बघून मान हलवली, काय हवंय?

एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या वडिलांना आज तोफेवर ठेवू नका. एवढंच. पण ते बोललं की डगला उतरणार, आणि डगला उतरला की खिडकी. आणि हे करणार कोण, तर शेंडेफळ.

"पिण्याचं पाणी कुठे आहे?" धाकटी म्हणाली.

"विहिरीच्या मागे," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा वॉकीटॉकीत शिरल्या.

पाणी ती प्यायलीच नाही. पटांगणात जाऊन लोकांना अडवायला बांधलेल्या दोराला लागून उभी राहिली, अगदी पुढे. मागे लोकांची दाटी. कोणी मूल खांद्यावर घेतलेलं, कोणी फोन वर धरलेले. समोर तटाच्या खाचेत, नदीकडे तोंड करून तोफ. तिच्याभोवती तिघं. बत्ती देणारा लंबू, जो सकाळी पावभट्टीवर काम करून इकडे यायचा. पुडी ठासणारी एक मास्तरीण, शाळेत खेळ शिकवणारी, दंड कसलेले. आणि म्होरक्या म्हणून बाबा.

बाबांनी आधी लोकांना नियम सांगितला. "बार अडला, तर आम्ही कोणी जागचं हलत नाही. तोफ कधीकधी रुसते, आणि रुसलेल्या तोफेच्या तोंडापुढे जाणारा शहाणा पुन्हा दिसत नाही. मास्तरीणबाई वाळूचं घड्याळ उलटतील. शेवटचा कण पडेपर्यंत मी हात वर ठेवीन. हात वर म्हणजे तोफ जिवंत. समजलं?"

"समजलं!" पोरं ओरडली.

धाकटी फक्त त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती. हात बटणाकडे जात नव्हता. मास्तरीणबाईंनी पुडी तोंडातून ठासली. लंबूनं तोफेच्या मागच्या भोकात, त्याला ते लोक कान म्हणत, चिमूटभर दारू घातली. बाबांचा हुकूम खणखणीत आला. लंबूनं लांब काठीला गुंडाळलेली जळती बत्ती कानाला लावली.

फस्स झालं. पांढरा धूर सरळ वर गेला. लोकांनी कानांवर हात ठेवले, डोळे मिटले. आणि काहीच झालं नाही.

"फुसका बार!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"बार अडलाय!" बाबा गरजले. "कोणी हलायचं नाही!" त्यांचा उजवा हात वर गेला. मास्तरीणबाईंनी घड्याळ उलटं केलं.

हशा विरत गेला. लंबू चाकाच्या मागे एका गुडघ्यावर बसला. घाम त्याच्या हनुवटीवरून टपकत होता, तो पुसत नव्हता. कुठेतरी एक मूल कुरकुरलं, आईनं त्याला गप्प केलं. धाकटीनं दोर मुठीत धरला होता. वाळू पडत होती. वरचा भाग अजून बराच भरलेला होता.

बाबांचा हात ताठ वर. एकदम ताठ. थोडा वेळ आणखी, देवा, धाकटी म्हणाली. थोडाच वेळ.

मग त्यांचा डावा हात उठला आणि बटणाशी गेला.

तिनं आजूबाजूला बघितलं. कोणाच्याही चेहऱ्यावर काही फरक नव्हता. त्यांना दिसत होता एक रुबाबदार म्हातारा शिपाई, बटणाशी चाळा करणारा. वरचा हात हळूहळू खाली आला, ओझं उतरवावं तसा. लंबूनं मास्तरीणबाईंकडे बघितलं. मास्तरीणबाईंनी घड्याळाकडे.

"हवालदार, वाळू उरलीय," मास्तरीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

बाबांनी ऐकलं नाही. मग त्यांच्या डोळ्यांत पुन्हा माणूस आला. ते त्या मधल्या काळातून परत आले होते, पण मधला काळ बरोबर घेऊन आले नव्हते. त्यांच्या लेखी बार उडून गेला होता. धूर होता, वास होता, लोक गप्प होते. बार उडाल्यावर म्होरक्यानं काय करायचं? ओला बोळा लावलेली काठी घेऊन नळी आतून पुसायची. त्यांनी तटाला टेकवलेली काठी उचलली आणि तोफेच्या तोंडाकडे निघाले.

"काका!" लंबू उठत म्हणाला, पण हवालदाराला अडवायची त्याला सवय नव्हती, आणि आवाज घशातच राहिला.

धाकटी दोराखालून गेली. आपण कधी वाकलो, कधी धावलो, हे तिला नंतर काही केल्या आठवेना. "बाबा, थांबा!" ती ओरडली. बाबांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. वर्दीत असताना गर्दीतल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा त्यांचाच नियम. ते तोंडापाशी पोचले, काठी आडवी केली. धाकटीनं मागून त्यांच्या छातीवरचा पट्टा दोन्ही मुठींत पकडला आणि सगळ्या अंगानिशी स्वतःला मागे झोकून दिलं. दोघं चाकापलीकडे दगडांवर आदळली. बाबा तिच्या अंगावर, काठी दोघांच्या अंगावर.

आणि बार उडाला.

आवाज कानांनी ऐकला असं तिला वाटलं नाही. तो दगडांतून पाठीत शिरला. जाळाचा लोळ नदीकडे गेला. जळके कागदाचे कपटे भिरभिरत खाली आले. तोफ मागे सरकली, चाक तिच्या पावलापासून वीतभर अंतरावर थांबलं. केसांना करपल्याचा वास येत होता. जग पाण्याखाली गेल्यासारखं झालं होतं, आणि त्या पाण्यातून हळूहळू एक आवाज वर येत होता.

टाळ्या. लोक टाळ्या वाजवत होते.

"काय जिवंत अभिनय केलाय हो!" एक गृहस्थ दोरापलीकडून म्हणत होते. "वा!"

बाबा उठून बसले. डगल्याची बाही फाटली होती. त्यांनी तोफेकडे बघितलं, मग हातातल्या काठीकडे, मग धाकटीकडे. चेहरा पांढराफटक. आणि मग तो लाल झाला.

"अक्कल गहाण टाकलीस का?" ते ओरडले. "जिवंत तोफेच्या पुढे धावत येतात? मेली असतीस! मी तुला ओढलं नसतं, तर—"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यात मधे एक भोक पडलं होतं आणि ते भोक मनानं आपोआप बुजवून टाकलं होतं. मुलगी धावत आली, बापानं तिला वाचवलं. दुसरं काय असणार?

व्यवस्थापक बाई धापा टाकत पोचल्या. आधी दोघांचे हातपाय चाचपून बघितले, मग धाकटीवर तुटून पडल्या. "तुम्ही! दोर कशासाठी बांधलाय? पाणी विचारायला आला होतात ना मघाशी? तुमच्यामुळे आज एक माणूस गेला असता. कळतंय तुम्हाला?"

धाकटीनं हातांची धूळ झटकली.

वाट तिच्यासमोर मोकळी होती. मान खाली घालायची, चूक झाली म्हणायचं. एक वेडी बाई दोर ओलांडून गेली, बस. बाबांचा डगला बाबांच्या अंगावर राहील. दादाला सांगायचं, डोळे तपासून घे. तिनं लंबूकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मास्तरीणबाईंच्या हातात अजून ते घड्याळ होतं. वर वाळू शिल्लक होती आणि ती अजूनही पडत होती.

बाबा लोकांकडे वळून हात हलवत होते, सगळं ठीक आहे म्हणून. त्यांच्या पाठीला धूळ लागली होती. पुढच्या सुटीलाही ते असेच उभे राहतील. आणि तेव्हा दोराला लागून कोण असेल? मघाचं खांद्यावरचं मूल तिला दिसलं. बापाच्या डोक्यावर हनुवटी टेकून ते तोफेकडे बघत होतं.

"मी त्यांची मुलगी आहे," धाकटी म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून ऐकू आला. "त्यांनी हात वेळेआधी खाली केला. त्यांना ते कळलं नाही. सकाळीही तसंच झालं होतं, दारूकोठारात. मी मघाशी पाणी विचारायला आले नव्हते, हे सांगायला आले होते. जीभ रेटली नाही."

"काय बडबडतेस?" बाबा म्हणाले.

बाईंनी मास्तरीणबाईंकडे बघितलं.

"हवालदार," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला, "मी तुम्हाला सांगितलं, वाळू उरलीय. तुम्ही ऐकलं नाही. तुम्ही काठी घेऊन पुढे गेलात."

बाबांनी लंबूकडे बघितलं. लंबूनं मान वर केली नाही, फक्त हो म्हणून हलवली.

पडलेल्या ओझ्याकडे बघावं तसे बाबा त्या काठीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती तटाला नीट टेकवून ठेवली, डगला काढला, घडी केली आणि बाईंच्या हातात दिला. आत साधा बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक होता. त्या गर्दीतून ते तसेच, कोणाकडे न बघता, वेशीकडे चालत गेले.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. धाकटी शेजारी. सबंध वाटेत एकच वाक्य बोलले, तेही काचेकडे बघून. "दादा बोलला असता तर मला एवढं लागलं नसतं."

पुढचं सगळं रीतसर झालं. डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून आलेख काढले आणि सांगितलं, हा फेफऱ्याचाच एक प्रकार. माणूस पडत नाही, झटके येत नाहीत, नुसता क्षणभर विझतो. गोळ्यांनी बराच आटोक्यात येतो. पण तोफ, शिडी, उकळतं पाणी, यांच्यापासून लांब. दादा 'मी म्हटलं नव्हतं?' असं एकदाही म्हणाला नाही, हे मात्र कबूल करायला हवं. उलट त्यानं स्वयंपाकघरात उभं राहून डोळे पुसले आणि कांदा कापत होतो म्हणाला. त्या दिवशी घरात कांदा नव्हता.

धाकटीशी बाबा बोलत नव्हते. ती आली की ते झोपलेले असत. तिनं आणलेली फळं सुनेच्या हातून खात.

व्यवस्थापक बाईंचा फोन आला, तुम्ही लोकांना माहिती सांगायला या, सोबत कोणीतरी राहील. बाबांनी साफ नाही म्हटलं. मला भीक नको. मग लंबू स्वतः भट्टीवरचा गरम पाव घेऊन घरी आला, तासभर बसला आणि जाताना म्हणाला, "काका, मजुरांच्या स्मशानात आता कोणी थांबत नाही. लोक शिळांचे फोटो काढून जातात." दुसऱ्या आठवड्यात गोळ्यांची डबी खिशात टाकून बाबांनी दादाला विचारलं, "सोडतोस का मला किल्ल्यापर्यंत?" घरात कित्येक महिन्यांनी त्यांनी दादाला सरळ काही विचारलं होतं. दादानं गाडीची किल्ली शोधताना दोन खुर्च्या पाडल्या.

धाकटी एका सुटीला तिथे गेली, न सांगता. तिकीट काढून. भिंतीबाहेरच्या गवतात दहा-बारा माणसांचा घोळका बसला होता आणि त्यांच्या पुढ्यात बाबा, साध्या निळ्या सदऱ्यात, एका खोडावर. मास्तरीणबाई बाजूला उभ्या होत्या. बाबांचा आवाज पूर्वीपेक्षा हळू होता. लोक पुढे झुकून ऐकत होते. मधेच एक बाई म्हणाल्या, पण एवढं सगळं तुम्हाला कसं माहीत? बाबा म्हणाले, सगळं कुठे माहीत आहे? यातल्या एकाचंसुद्धा नाव माहीत नाही मला.

लोक उठून गेल्यावर त्यांनी तिला पाहिलं. ती जवळ गेली आणि खोडाच्या दुसऱ्या टोकाला बसली. किल्ल्यातून लंबूचा हुकूम ऐकू आला, आता तोच म्होरक्या होता. मग बार उडाला, झाडांतले पक्षी उठले. बाबांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले.

"कच्चा ठासलाय," ते म्हणाले. मग गवताकडे बघत, "तू सांगितलंस ते बरोबर केलंस. पण मला ते आवडलं नाही. आणि यापुढेही आवडणार नाही."

"नका आवडून घेऊ," धाकटी म्हणाली. "माझ्याशी बोलत राहा म्हणजे झालं."

"बोलतोय ना."

वेशीतून दुसरा घोळका येत होता. बाबा गुडघ्यांवर हात टेकवून उठायला लागले. धाकटीनं हात पुढे केला. त्यांनी त्या हाताकडे बघितलं, जरा नाराजीनंच, आणि मग तो धरला.